पिंजाऱ्याचा कापूस

डिलाईल रोडवरचे मिलचे भोंगे बंद झाले तेव्हा म्हातारी माणसं हळहळली. आता वेळ कशी कळायची? त्यांनी उगाच काळजी केली. आमच्या चाळीत अण्णा होते.

अण्णांचा आवाज घशातून येत नसे. पोटाखाली कुठेतरी त्यांचा बॉयलर होता. तिसऱ्या मजल्यावर ते शिंकले की तळमजल्यावरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन वर बघायचा. त्यांच्या पाठीमागे सगळी चाळ त्यांना 'भोंगा' म्हणायची, आणि तोंडावर म्हटलं असतं तरी ते रागावले नसते. भोंगा खोटा वाजत नाही, एवढंच म्हणाले असते.

हीच त्यांची खोड. त्यांना खोटं बोलता येत नसे. बोलायचं नाही असा काही नेम नव्हता, येतच नव्हतं. काहींना शीळ घालता येत नाही, तसं. बारशाला गेले तर बाळ कोणावर गेलंय ते खरं सांगायचे. लग्नात कुणी विचारलं, "काय अण्णा, जेवण कसं होतं?" तर मठ्ठ्यापासून सुरुवात करायचे. लोक त्यांना आमंत्रण द्यायचे आणि मग त्यांच्यापासून लांब बसायचे.

पण गणपतीत त्यांच्यावाचून चालायचं नाही. लालबागच्या एका मंडळाच्या मंडपात हरवल्या-सापडल्याचा माइक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता. बाकीच्या मंडपांत ते काम कुणीही करतं. आमच्याकडे माणसं दर्शन झाल्यावरसुद्धा रेंगाळायची, ती अण्णांना ऐकायला.

"एक आजी सापडल्या आहेत. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. त्यांच्या सूनबाईंनी मंडपाच्या डाव्या बाजूला यावं. आजी म्हणतात, त्या हरवलेल्या नाहीत, निघून आल्या आहेत."

"लाल फ्रॉकमधली एक मुलगी आमच्यापाशी आहे. रडत नाहीये. तिसरा लाडू चालू आहे. आईवडिलांनी सावकाश आलं तरी चालेल."

मंडळाचे अध्यक्ष हात जोडायचे. "अण्णा, जरा सांभाळून. लोक ऐकतायत."

"ऐकावं म्हणून तर भोंगे लावलेत ना?" अण्णा म्हणायचे. "जे आहे ते सांगायचं. पुढे जे होईल ते होईल."

मी त्याच चाळीतला, दुसऱ्या मजल्यावरचा, हौशी नाटकांतून आयुष्यभर राजे, खलनायक आणि मेलेले बाप रंगवलेला माणूस. अण्णा मला 'नाटक्या' म्हणायचे. कौतुकाने नाही. रात्रीचा प्रयोग संपला की ते विंगेत येऊन म्हणायचे, "दुसऱ्या अंकात रडलास ते खोटं होतं रे." पुन्हा वरच्या पट्टीत. हॉल रिकामा होईपर्यंत मला मेकअप रूममध्ये लपून बसावं लागायचं.

अशा दोन माणसांना एकाच ठिकाणी नोकरी लागली, ही नियतीची मस्करी.

अण्णा एका कुरिअर कंपनीत होते. तिथे पगार पाकिटात घालून रोख मिळायचा. लॉकडाऊनमध्ये ती कंपनी बसली. माझी नाटकंही बसली. तेवढ्यात कळलं, लोअर परळला एका काचेच्या इमारतीत मराठी आवाज हवे आहेत. कोणती तरी परदेशी कंपनी यंत्राला मराठी बोलायला शिकवत होती. बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, समोरच्या पडद्यावर वाक्यं येतील ती माइकमध्ये वाचायची. "आज हवामान कसं आहे?" "दिवा बंद कर." "मला दादरला जायचं आहे." एकेक वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी: साधं, घाईत, रागात. काम बघायला पुण्याच्या एक बाई होत्या. तिशीतल्या, हुशार, बोलायला गोड. त्या अण्णांचा आवाज ऐकून इतक्या खूश झाल्या की त्यांनी लगेच माइक चार हात मागे सरकवला.

दुसऱ्याच दिवशी खटका उडाला. पडद्यावर वाक्य आलं, 'माझ्याकडे दोन गाड्या आहेत.' अण्णा गप्प.

"काका, वाचा ना."

"माझ्याकडे गाडी नाही."

"अहो काका, ते फक्त वाक्य आहे!"

"असेल. पण बोलणार मी ना?"

बाईंनी समजावलं, हात जोडले, शेवटी काचेपलीकडे माझ्याकडे बघितलं. मी वाचलं. इतक्या थाटात वाचलं की माझ्याकडे दोन गाड्या आणि एक ड्रायव्हर असल्याचा मलाच भास झाला. त्या दिवसापासून वाटणी ठरली. खरी वाक्यं अण्णांना, खोटी मला. 'मी रोज व्यायाम करतो' मला. 'माझे गुडघे दुखतात' अण्णांना. 'बायको माहेरी गेली आहे' मला, कारण अण्णांचं लग्नच झालेलं नव्हतं.

एकदा पडद्यावर आलं, 'आई, माझी नोकरी गेली.'

अण्णांनी हेडफोन काढून ठेवला. एरवी वाद घालायचे, त्या दिवशी नाही. नुसते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी आत बसलो आणि ते वाक्य असं काही म्हटलं, शेवटच्या शब्दावर आवाज असा काही फोडला, की बाईंनी डोळे टिपले आणि काचेपलीकडून टाळी वाजवली. मी मान लववली. अण्णा पॅसेजमधल्या खिडकीतून खाली आवारात बघत होते. तिथे मिलची जुनी चिमणी शोभेला ठेवली आहे, तिला रात्री दिवे लावतात. ती मिल त्यांच्या वडिलांची. वडील तिथे साचेखात्यात होते, म्हणजे विणायच्या मागांवर.

आता पगाराचं सांगतो. या कंपनीचा पगार रुपयांत नव्हता. कॉइन म्हणत त्याला. नाणं म्हणावं तर वाजत नाही, नोट म्हणावी तर चुरगळत नाही. दहा तारखेला फोनमधल्या पाकिटात आकडा वाढायचा, बस्स. हवं तर तो बाजारात विकायचा, की आपल्या बँकेत रुपये येतात. भाव आज एक, उद्या दुसरा. बाईंनी आम्हांला विकायला शिकवलं. मी सगळे त्याच दिवशी विकायचो. अण्णा रेशनापुरते, वीजबिलापुरते विकायचे आणि बाकीचे तसेच ठेवायचे. यात अडचण काहीच नव्हती. अडचण होती ती अण्णांच्या आईची.

आजी ऐंशीच्या पुढे. मालवणकडच्या. डोळे पार गेलेले, बाकी सगळं शाबूत. गिरणगावातल्या बायकांची एक जुनी रीत त्यांनी सोडली नव्हती. पगाराच्या दिवशी पगार हातात पडल्याशिवाय जेवायचं नाही. पाकीट हातात आलं की डोळ्यांना लावायचं, देवापुढे ठेवायचं, त्यातून पानसुपारीपुरतं काढून कमावत्याच्या हातावर ठेवायचं, आणि मग पानं वाढायची. नवऱ्याचा पगार असा घेतला, मुलाचा असा घेतला.

नव्या नोकरीची पहिली दहा तारीख आली. आजींनी हात पुढे केला. अण्णांनी त्यावर फोन ठेवला.

"ह्यां काय?"

"पगार, आये."

आजींनी फोन चाचपला, उलटा केला, कानाला लावून हलवला. "गरम लागता. तव्यावरून काढून हाडलंस?"

अण्णांनी समजावलं. कॉइन, पाकीट, परदेशातली कंपनी, सगळं खरं खरं, तपशीलवार. दुसऱ्या मजल्यावर मला शब्दन् शब्द ऐकू आला. खरं इतकं अविश्वसनीय मी कधी ऐकलं नव्हतं. आजींनी फोन परत दिला. "माका भूक नाय," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पुढच्या दहा तारखेला तेच. त्याच्या पुढच्या दहालाही तेच.

मी अण्णांना चहाच्या टपरीवर गाठलं. "अण्णा, तुम्ही पण ना! अहो, विका थोडे. नोटा काढा एटीएममधून, घाला पाकिटात, ठेवा म्हातारीच्या हातावर. खोटं कुठे आहे त्यात? पैसे तुमचेच की!"

अण्णांनी ग्लास खाली ठेवला. आणि त्या माणसाचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"संपाच्या वेळची गोष्ट सांगतो. संप लांबला, मिल पुन्हा चालू झाली तेव्हा बाबांना परत घेतलं नाही. त्यांनी घरी सांगितलं, घेतलं. रोज डबा घेऊन निघायचे, फिरून संध्याकाळी यायचे. पगाराच्या दिवशी व्याजाने काढलेल्या नोटा पाकिटात घालून आईच्या हातावर ठेवायचे. आई दारातच त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची, तिची सवय. मिलमधून आलेल्या माणसाच्या केसांत कापूस असतो. म्हणून बाबा भोईवाड्यात एका पिंजाऱ्याकडे जायचे आणि गादीचा कापूस केसांत घालून यायचे."

"मग?"

"मग काय? मिलच्या कापसाला तेलाचा वास येतो, खळीचा येतो. गादीच्या कापसाला कसला येणार? बाबा पुरुषमाणूस, त्यांना काय कळतंय. आईला पहिल्याच दिवशी कळलं."

"काही बोलल्या नाहीत?"

"नाही. वाट बघितली, स्वतःहून सांगतील म्हणून. बाबा बोलले नाहीत. शेवटपर्यंत. ते गेल्यावर तिनं मला सांगितलं." अण्णांनी ग्लास उचलला. चहा निवला होता. "तिच्या हातावर नोटा ठेवणं सोपं आहे रे नाटक्या. बाबांनी तेच केलं. मला मिळतं ते हे आहे. तेच ठेवणार."

असा पेच पडला होता. मुलगा खोट्या नोटा नकोत म्हणून खरा फोन पुढे करत होता, आणि आईला वाटत होतं, हा बापाच्याच वाटेला लागला. घरात किराणा येतोय म्हणून काय झालं? संपातही येत होता. आणि केसांतून हात फिरवावा, तर काचेच्या इमारतीतून येणाऱ्या माणसाच्या केसांना कसला वास येणार? एसीचा?

शेवटी अण्णांनी ठरवलं. "आये, उद्या माझ्यासोबत कामावर चल."

तो सोहळा आमच्या चाळीने अजून विसरलेला नाही. मंडळाची लाल मखमलीची खुर्ची, प्रमुख पाहुण्यांची, काढली. आजींना तिच्यात बसवून चार जणांनी तीन जिने उतरवलं. आजी मध्येच म्हणाल्या, "विसर्जनाक नेतत काय रे माका?" खुर्ची उचलणारे हसले आणि खुर्ची कलंडता कलंडता राहिली. मी पुढे, टॅक्सीचं दार धरून, दरबारातल्या चोपदारासारखा.

इमारतीच्या फाटकावर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "व्हिजिटर का काम क्या है?"

"आईचा माझ्यावर विश्वास नाही," अण्णा म्हणाले, "तो बसवायला आणली आहे."

गार्ड बघत राहिला. मग त्याने लिहिलं, 'पर्सनल'.

आत शिरताना आजींना चिमणीपाशी नेलं. त्यांनी विटांवर हात ठेवला, मग गाल टेकवला. लंचला निघालेली पोरं बाजूने वाट काढून जात होती, एकीने मोबाइलमध्ये फोटो काढायला हात उचलला आणि आजींचं तोंड बघून खाली घेतला.

पुण्याच्या बाईंनी नियम मोडून आजींना रेकॉर्डिंगच्या खोलीत बसू दिलं. अट एकच, आवाज करायचा नाही. ही अट अण्णांच्या आईला घातली होती.

अण्णांनी सुरुवात केली. "दिवा बंद कर."

"खयचो दिवो?" आजी म्हणाल्या. "माका विचारतंस तर कधीचो बंद हा."

"आये, तुला नाही. पुन्हा घेतो. दिवा बंद कर. दिवा बंद कर!"

"कितीदा सांगतंस? समोरचो भयरो हा?"

"यंत्र आहे आये. त्याला बोलायला शिकवतोय."

आजींनी यंत्राच्या दिशेने कान केला. "तुझो बापूस साच्याच्या आवाजान भयरो झालो," म्हणाल्या. "आणि तू साच्याक बोलूक शिकवतंस." मग पदर तोंडाशी धरून गप्प बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत.

अण्णा वाचत राहिले. हवामान, रस्ते, औषधांच्या वेळा, रेल्वेच्या चौकशा. एरवी अधूनमधून बाहेर यायचे, त्या दिवशी पाणी प्यायलाच काय ते थांबले. खोटं वाक्य आलं की बाई ते पुढे ढकलायच्या, माझ्यासाठी. मी काचेपलीकडून बघत होतो. आजी डोळे मिटून ऐकत होत्या, मान किंचित तिरकी, जसं पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी भांडण ऐकावं. चार वाजले तसा अण्णांचा आवाज फाटायला लागला. पाचला खरखर. सहाला ते शेवटचं वाक्य म्हणाले तेव्हा डिलाईल रोडचा भोंगा एखाद्या सर्दी झालेल्या मास्तरासारखा वाजला.

आजींनी हात पुढे केला. अण्णांना वाटलं, उठायला आधार हवा. पण त्यांनी हात वर नेला, केसांवर नाही, गळ्यावर. घाटीवर बोटं टेकवली.

"बोल काय तरी."

"काय बोलू?" अण्णांचा आवाज आला न आला.

आजी बोटं तशीच ठेवून बसल्या. गळा बोटांखाली थरथरत होता, ते मला बाहेरूनही दिसलं.

"हां," त्या म्हणाल्या. "ह्यो पिंजाऱ्याकडचो नाय."

पुढच्या दहा तारखेला मी मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर गेलो. आजींनी फोन हातात घेतला, एका डोळ्याला लावला, दुसऱ्या डोळ्याला लावला, चाचपत जाऊन देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. फोनमधून पानसुपारीपुरतं काय काढणार? त्यांनी कनवटीची चंची सोडली आणि त्यातली खरीच सुपारी अण्णांच्या हातावर ठेवली. तेवढ्यात देव्हाऱ्यात फोन वाजला. आम्ही दचकलो.

"उचल रे," आजी म्हणाल्या. "देवाचो आसात."

कर्ज हवंय का विचारणाऱ्या एका मुलीचा होता. अण्णांनी तिला नको म्हणून सांगितलं आणि का नको तेही सांगितलं. मग पानं वाढली. त्या रात्री आजींनी दोनदा भात मागून घेतला.

हे सगळं एका वर्षाच्या आतबाहेर चाललं. मग एके सकाळी आम्ही गेलो तर आमच्या मजल्याचा काचेचा दरवाजा उघडेना. पुण्याच्या बाई बाहेर जिन्यावर बसल्या होत्या, चपला काढून.

"काका, कंपनी गेली," त्या म्हणाल्या. "कॉइनसुद्धा. भाव शून्य आहे. माझेही सगळे त्यातच होते हो."

मी माझा फोन काढला. माझ्या पाकिटात काहीच नव्हतं, मी विकून खाल्लं होतं सगळं. अण्णांच्या पाकिटात आकडा होता तेवढाच होता, फक्त त्याला आता कुणी काही देणार नव्हतं. अण्णांनी बाईंच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मला विचारलं, "आज तारीख काय?"

"नऊ."

"म्हणजे उद्या."

खाली उतरेपर्यंत माझ्या डोक्यात नाटक तयार झालं होतं. सांगायला हरकत नाही, चांगलं नाटक होतं. "अण्णा, ऐका. काही बोलायचंच नाही. फोन तोच, गरम तेवढाच. आजींना दिसतं कुठे? हातावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. दुसरं काम मिळेपर्यंत दोन-तीन दहा तारखा निभतील. त्यांचं वय बघा. पुन्हा जेवण सोडलं तर?"

अण्णा चिमणीपाशी थांबले. नाही म्हणाले नाहीत. हेच मला विचित्र वाटलं. जन्मभर ज्याला खोटं जमलं नाही तो माणूस तिथे उभा राहून हिशेब करत होता, आणि त्याला ते जमेल असं वाटायला लागलं होतं. "बाबांनापण असंच वाटलं असणार," ते म्हणाले. "दोन-तीन महिने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या दाराशी उभा होतो. आत जायचं धाडस झालं नाही. गॅसपाशी भात उतरवलेला, झाकलेला. आजी देव्हाऱ्याजवळ, हात पुढे, तळवा वर. अण्णांनी खिशातून फोन काढला. हातात धरून तसेच उभे राहिले. आजींचा तळवा किती वेळ तसाच होता कोण जाणे, मला माझाच हात अवघडल्यासारखा झाला.

मग त्यांनी फोन पुन्हा खिशात घातला.

"आये, माझी नोकरी गेली."

मंडपातल्या माइकवर म्हणायचे तसंच, सपाट, प्रत्येक शब्द सुटा. गॅलरीतली दोन दारं उघडली. हेच वाक्य मी यंत्राला शिकवलं होतं, रडून, टाळी घेऊन. ते असं म्हणायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

आजींचा हात खाली आला नाही.

"कधी?"

"काल."

"काल?"

"काल सकाळी. कॉइनही गेले. फोनात आता काय नाय."

आजींनी हात कनवटीशी नेला. मग चंची सोडायला लागल्या. गाठ सुटेना. अण्णा मदतीला वाकले तर त्यांनी त्यांचा हात झटकला. सुपारी काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवून त्यांची बोटं आपल्या हातांनी मिटवली.

"पगार नाय, आये," अण्णा म्हणाले.

"माका ऐकाक इला. भयरी नाय मी." त्यांनी मुलाची मूठ दोन्ही हातांत तशीच धरून ठेवली. "तुझ्या बापाशीक ह्यां जमाक नाय रे. मराच्या दिवसापर्यंत जमाक नाय. तू एका दिवसात सांगलंस."

अण्णा मिटल्या मुठीकडे बघत राहिले. आवाज होता, अगदी खणखणीत होता, पण ते वापरत नव्हते.

"उठ आता, पानां वाढ," आजी म्हणाल्या. "माका भूक लागली हा. आणि तो नाटक्यो दारात उभो हा काय? मगासपासून सूं सूं करून नाक ओढता. तेचाय पान मांड."